इनटेकसाठी २८ हजार, न झालेल्या ट्युनिंगसाठी ३५ हजार: सुपरचार्ज्ड गाडीवाल्यांनी वाचा

कोल्हापूरकर भावांनो, कुणी जुनी कॉम्प्रेसर मर्सिडीज किंवा दुसरी कुठली सुपरचार्ज्ड गाडी (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, म्हणजे सुपरचार्जर, असलेली) सेकंड हँडमध्ये घेतली असेल आणि आता इनटेक, म्हणजे इंजिनला हवा नेणारा पाइप आणि फिल्टर, बदलायचं मनात असेल तर आधी हे वाचा, मग पैसे द्या.

माझी गाडी २००९ ची सी २०० कॉम्प्रेसर, १.८ लिटर, चार सिलिंडर. चालायला एकदम चांगली होती, काही तक्रार नव्हती. सुपरचार्जरचा आवाज जरा मोकळा यावा आणि पिकअप थोडं वाढावं एवढंच वाटत होतं. हायवेला लागून एक गॅरेज आहे तिथं गेलो, नाव लिहीत नाही. गेल्या गेल्या हाच प्रश्न विचारला, "इनटेक बदललं तर ईसीयू ट्यून करायला लागतंय काय ओ?" (ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ट्यून म्हणजे त्यातलं सेटिंग बदलणं.) तर म्हणाला, "काय गरज नाही मालक, बोल्ट-ऑन आहे, आज बसवा उद्या पळवा." २८ हजार घेतले आणि जाड अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि वर उघडा कोन फिल्टर बसवून दिला.

तिसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला निघालो. चढाला जोर लावला की इंजिनातून टकटक आवाज यायला लागला, पिकअप वाढायचं सोडून कमीच झालेलं, आणि वर पोचायच्या आत चेक इंजिनचा दिवा लागला. मागं आई बसलेली, लहान पोरगी बसलेली, मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परत गॅरेजवर. आता त्याच माणसाची भाषा बदलली. "सुपरचार्ज्ड गाडी आहे, कस्टम ट्युनिंगशिवाय कसं चालंल मालक?" आदल्या आठवड्यात गरज नव्हती ती आता कुठनं आली विचारलं तर म्हणाला इंजिन फुटलं तर मी जबाबदार नाही. घाबरून ३५ हजार दिले. लॅपटॉप घेऊन गाडीत बसला, मला बाहेर चहा दिला, चाळीस मिनिटांत "झालं" म्हणाला. दिवा गेला होता. गाडी एकदाही रोडवर नेली नाही, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

आठव्या दिवशी दिवा परत लागला. मग मी शिवाजी उद्यमनगरात एक जुने मिस्त्री आहेत त्यांच्याकडं गेलो. त्यांनी स्कॅनर लावला. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कमी पडणारं पेट्रोल ईसीयू स्वतः किती वाढवतोय तो आकडा, अधिक २४ टक्के. आणि अजून एक आकडा दाखवला, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली त्याचा, १९० किलोमीटर. ट्युनिंगच्या दिवशी गॅरेजातनं निघाल्यापासून गाडी बरोबर तेवढीच चालली होती. म्हणजे त्यानं त्या दिवशी कोड पुसला होता. पण ट्यून केलं तरी कोड पुसतातच, म्हणून खात्री करायला पुण्यातल्या एका ओळखीच्या ट्युनरकडनं ईसीयूची फाइल वाचून घेतली. कंपनीच्या मूळ फाइलशी ताडून बघितली तर एका बाइटचाही फरक नाही. ३५ हजारात फक्त दिवा विझवला होता.

आता मूळ प्रश्न, ट्युनिंग लागतंय का नाही. मिस्त्रींनी व्हर्नियर लावून दाखवलं तेव्हा मला कळलं. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर ज्या नळीत बसतो त्या नळीच्या व्यासावर सगळं आहे. सेन्सर हवेच्या फक्त एका बारीक धारेत असतो, तेवढ्यावरनं एकूण हवा किती याचा हिशेब ईसीयू मूळ व्यास धरून करतो. समजा ७० मिलिमीटरची नळी काढून ८० ची घातली, तर तेवढीच हवा आत जाताना तिचा वेग साधारण २३ टक्क्यांनी कमी होतो, सेन्सरला वाटतं हवाच कमी आहे, आणि ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर ट्रिम ते सांभाळून घेतं, पण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला, बूस्ट (सुपरचार्जरनं दिलेला हवेचा दाब) भरलेला असताना, ती दुरुस्ती पुरी पडत नाही. तिथं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण १२ ला १ च्या आसपास पाहिजे, ते पातळ झालं (पेट्रोल कमी पडलं) की नॉकिंग, म्हणजे तीच टकटक, सुरू होतं आणि पिस्टनला मार बसतो. अशा पाइपला खरं ट्युनिंग लागतंच.

उलट मूळ एअरबॉक्समध्ये चांगला पॅनल फिल्टर टाकला, किंवा सेन्सरच्या जागी नळीचा व्यास आणि हवेची दिशा मूळचीच ठेवणारं इनटेक घेतलं, तर सहसा ट्युनिंग लागत नाही. ज्या गाड्यांत एमएएफ नसतो, प्रेशर सेन्सरवर हिशेब चालतो, तिथं फिल्टरच्या पाइपचा व्यास एवढा नडत नाही. सुपरचार्जरची पुली बारीक केली तर मात्र बूस्ट वाढतो, मग ट्युनिंग पाहिजेच. नुसत्या इनटेकनं बूस्ट फारसा वाढत नाही, कारण सुपरचार्जर बेल्टवर फिरतो आणि किती फिरायचं ते पुली ठरवते. आणि बॉनेटखाली उघडा फिल्टर ठेवला तर तो इंजिनची गरम हवाच ओढतो, आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये तर बघायलाच नको.

मिस्त्रींनी मूळ बॉक्स आणि नळी परत बसवली, सेन्सर साफ केला (कोनवरचं तेल त्यावर बसलेलं), मजुरी घेतली बाराशे. आठवडाभरानं ट्रिम अधिक ३ वर आलं, टकटक बंद.

तुम्ही जाणार असाल तर पैसे द्यायच्या आधी सेन्सरजवळच्या नळीचा व्यास लिहून मागा. ट्युनिंग करणार असेल तर आधीची फाइल, नंतरची फाइल आणि रोडवर घेतलेले लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरच्या नोंदी) मागा, आणि ते घेताना स्वतः शेजारी बसा. जो हे द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडं गाडी सोडू नका. आणि पक्कं बिल घ्याच, मी घेतलं नाही, माझ्याकडं फक्त यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय, स्क्रीनशॉट, स्कॅनरचे फोटो आणि दोन्ही फाइल जोडल्यात. पाइप घरात ठेवलाय, विकायचा नाही, पुढं कुणी विचारलं तर पुरावा म्हणून लागणार आहे.