म्युझस्कोअर ४ आणि आपली समूहगीतं : काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग तपशील. म्युझस्कोअर ४ म्हणजे संगणकावर पाश्चात्त्य स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर. समूहगीत, शाळेचा बँड, पेटीची साथ यासाठी ते मस्त आहे, शिवाय फुकट. ख्याल-ठुमरी मात्र त्यात लिहायला घेऊ नका. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि आंदोलन (स्वराचं झुलणं) त्यात नीट उतरत नाही, कणस्वर (मुख्य स्वराआधी निसटता लागणारा स्वर) ग्रेस नोटमध्ये, म्हणजे बारीक आकारात लिहिलेल्या स्वरात, कसाबसा बसतो.

मी परभणीकडच्या एका शाळेत संगीत शिकवते. पावसाळ्यात हे घेतलं ते १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनासाठी. मुलींचं समूहगीत आणि साथीला गावातल्या बँडचे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असा घाट होता. तेव्हापासून रोज उघडतेय. यूट्यूबवरची मंडळी शिकवतात ती पाश्चात्त्य पद्धतीनं लिहिणाऱ्यांसाठी. आपलं घोडं अडतं ते मराठी अक्षरं आणि सरगम इथं, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

शब्दांपासून सुरू करू. स्वर निवडून कंट्रोल-एल दाबलं की खाली शब्द टाकता येतात. स्पेस दिली की पुढचा स्वर, हायफन दिला की त्याच शब्दाचा पुढचा तुकडा. म्युझस्कोअरचा मूळ फॉन्ट एडविन, त्यात देवनागरी नाही. तरी अक्षरं दिसतात, कारण संगणक ती दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टमधून उसनी आणतो. तुमच्या लॅपटॉपवर एका फॉन्टमधून, झेरॉक्सवाल्याकडे दुसऱ्याच, आणि मग ओळी हलतात. फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्स इथं जाऊन गीताच्या ओळींना नोटो सॅन्स देवनागरी लावून टाका. तिथं लिरिक्सच्या विषम आणि सम ओळींच्या स्टाइल वेगळ्या आहेत. एकच बदलली तर पहिलं कडवं छान आणि दुसरं वेडंवाकडं, असं होतं. छपाईला नेहमी पीडीएफ द्या, मूळ फाइल नाही.

गीताचे शब्द डीटीपीवाल्याकडून आले असतील तर ते बहुधा श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात, आणि पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. टायपिंगला इनस्क्रिप्ट कळफलक बरा. उच्चारावरून मराठी उमटवणाऱ्या साधनात शब्द पक्का करायलाही स्पेसच लागते, आणि म्युझस्कोअरला तीच स्पेस पुढच्या स्वरावर जायला हवी असते. दोघांची ओढाताण होते. शब्द टाकून झाले की कळफलक परत इंग्रजीवर आणा. नाहीतर एन दाबून स्वर लिहायला जाल आणि काहीच होणार नाही.

शब्द तोडायचा कसा, हेही आधीच ठरवा. ‘विठ्ठल’ गाताना आपण विठ्-ठल असं म्हणतो, पण तसं टाइप केलं की पाय मोडका ठ पहिल्या स्वराखाली लटकतो आणि मुली तिथं थबकतात. वि-ठ्ठल असं तोडा, जोडाक्षर सगळं पुढच्या स्वराला द्या. लांबवलेल्या अक्षरासाठी अंडरस्कोअरनं रेघ ओढता येते, पण आमच्या मुलींना शाळेच्या वहीतला ऽ ओळखीचा. मी अशा प्रत्येक स्वराखाली ऽ टाकते. पान भरगच्च दिसतं, पण वाचताना कुणी चुकत नाही.

आता सरगम. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो इथं. म्युझस्कोअरसोबत ‘नोट नेम्स’ नावाचं प्लगइन (जोडीचा छोटा प्रोग्राम) येतं, ते स्वरांवर सी, डी, ई अशी नावं लिहितं. त्याची फाइल कॉपी करून डॉक्युमेंट्समधल्या म्युझस्कोअर ४ च्या प्लगइन्स फोल्डरात नव्या नावानं ठेवा, नोटपॅडमध्ये उघडा आणि आतलं शीर्षक बदला. प्रत्येक स्वराला तिथं एक क्रमांक दिसेल. सी १४, डी १६, ई १८, एफ १३, जी १५, ए १७, बी १९. तिथं सा, रे, ग, म, प, ध, नि भरा. कोमल रे म्हणजे डी फ्लॅट, क्रमांक ९. कोमल ग ११, कोमल ध १०, कोमल नि १२, तीव्र म २०. भातखंडे पद्धतीतली कोमलची आडवी रेघ आणि तीव्रची उभी रेघ युनिकोडमध्ये वेदमंत्रांच्या स्वरचिन्हांत मिळते: रे॒, म॑. कॅरेक्टर मॅपमधून उचला. सप्तकाचे टिंब मी अजून हातानेच देते.

खरी गंमत पुढं आहे. पेटीवर सी शार्प आणि डी फ्लॅट एकच पट्टी, पण म्युझस्कोअरच्या लेखी सी शार्प २१ आणि डी फ्लॅट ९. भैरवातला कोमल रे सी शार्प म्हणून लिहिला गेला तर आवाज अगदी बरोबर येतो, आणि वर मात्र रे उमटत नाही. प्लगइन बिघडलेलं नसतं. तो स्वर निवडून जे दाबा, नाव बदलतं. बाण दाबत स्वर वरखाली केले असतील तर हे हमखास होतं.

या प्लगइनसाठी सा नेहमी सी वर धरून लिहायचं. सरगम उमटली की मग टूल्समधल्या ट्रान्सपोजनं गीत हव्या त्या पट्टीत न्या. वरची सरगम हलत नाही, कारण ती आता नुसता मजकूर आहे. आमच्या मुली काळी चारला, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गातात. तिथं जी शार्प न निवडता ए फ्लॅट निवडा. चार फ्लॅटमध्ये काम भागतं, जी शार्प मेजरमध्ये आठ शार्प मोजत बसावे लागतील. बँडची ही वाद्यं लिहिलेल्यापेक्षा खालचा स्वर देतात, म्हणून ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटच्या कागदावर मग बी फ्लॅट मेजर येतं, आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर एफ मेजर. बँडवाले खूश.

छापण्याआधी खाली उजवीकडचं कॉन्सर्ट पिचचं बटण बंद आहे ना, एवढं बघा. ते चालू असलं की सगळ्यांच्या कागदावर पेटीचीच पट्टी छापली जाते, आणि मग वाजवताना पेटी काळी चारला, ट्रम्पेट काळी तीनला आणि सॅक्सोफोन पांढरी सातला. आमच्या बँडच्या मास्तरांनी दोन मात्रांतच हात वर केला. ‘बाई, कागद तरी चुकलाय नाहीतर आम्ही तरी,’ म्हणाले.

मुखडा-अंतरा-मुखडा वाजवून घ्यायलाही थोडी खटपट आहे. डी.एस. ची खूण (मागच्या ठरलेल्या जागी परत जा, असं सांगणारी) एकदाच पाळली जाते, त्यामुळे तीन अंतऱ्यांना एकच खूण पुरत नाही. प्रत्येक अंतऱ्याअखेर वेगळी खूण टाका. ती निवडली की प्रॉपर्टीजमध्ये कुठं उडी मारायची, कुठपर्यंत वाजवायचं आणि पुढं कुठून सुरू करायचं, असे तीन रकाने दिसतात. तिथली नावं आणि खुणांची नावं अक्षरन्‌अक्षर जुळली पाहिजेत. मुखड्यात पुनरावृत्ती असेल तर ‘प्ले रिपीट्स’वर टिक करा, उडीनंतर ती एरवी वाजत नाही.

झपतालासाठी मास्टर पॅलेटमध्ये २+३+२+३ असा टाइम सिग्नेचर बनवता येतो. तालाचे खंड दाखवायला स्वर निवडून कंट्रोल दाबून तुटक बारलाइनवर (उभ्या रेघेवर) क्लिक करा, ती आवर्तनाच्या मध्येही बसते. संबळ वाद्यांच्या यादीत नाही. कुठलंही तालवाद्य घ्या, स्टाफच्या (स्वर लिहायच्या पट्ट्याच्या) रेषा दोन करा, झालं.

म्युझ साउंड्सचे आवाज फार गोड आहेत, पण जीबीच्या हिशेबात उतरवावे लागतात आणि जुन्या लॅपटॉपवर तडतडतात. प्रेफरन्सेसमध्ये बफर वाढवा, तरी नाही जमलं तर मिक्सरमध्ये एमएस बेसिक हे साधे आवाज निवडा. तालमीला तेवढं पुरतं.

लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेली, फाइल उघडेना, हा प्रसंग आमच्याकडं उन्हाळ्यात ठरलेला. फाइल जिथं ठेवली त्याच फोल्डरात एक लपवलेलं बॅकअप फोल्डर असतं, विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवा म्हटलं की दिसतं. आत त्याच नावाची फाइल असते, शेवटी एक नागमोडी चिन्ह लागलेलं. ती दुसरीकडं कॉपी करून चिन्ह काढा आणि उघडा. आधीच्या वेळी सेव्ह केलेली प्रत हाती लागते. ऑटोसेव्हची मिनिटंही कमी करून ठेवा.

बँडच्या मास्तरांच्या ३२ बिटच्या संगणकावर चौथी आवृत्ती चालत नाही, त्यांच्याकडं तिसरी आहे, आणि चौथीतली फाइल तिसरीत उघडत नाही. त्यांना म्युझिक-एक्सएमएल (दोन्ही आवृत्त्यांना वाचता येणारा फाइलप्रकार) करून पाठवते. स्वर, शब्द, पट्टी नीट पोचतात. पानाची मांडणी तिकडं त्यांना परत जुळवावी लागते.