एनॉक्सापॅरिन ४० ची भरलेली सिरिंज: सुई झकास, सोबतचा कागद भिकार

सासूबाईंचा खुब्याचा सांधा बदलला आणि डिस्चार्जच्या कागदावर हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन (४० म्हणजे ४० मिलिग्रॅम) रोज एक, महिनाभर. ऑपरेशननंतर हालचाल कमी असते त्यामुळे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणून. रोज नर्स बोलवायची म्हणजे खर्च, मग वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून घेतलं आणि घरीच दिलं, जमतं.

सिरिंजला पैकीच्या पैकी. ०.४ मिली औषध आधीच भरलेलं, मापायची भानगड नाही, सुई बारीक. आत हवेचा बुडबुडा दिसतो आणि कोणीही टिचकी मारून तो काढायलाच जाईल, पण पूर्ण ४० चा डोस असेल तर काढायचा नाही, त्यासोबत औषधच बाहेर जातं. पेशंटला आडवं करायचं, बेंबीपासून निदान दोन इंच लांब, एक दिवस डावीकडे एक दिवस उजवीकडे, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळायचं तर अजिबात नाही, सासूबाईंचा हात आपोआप तिकडे जायचा! तरी थोडं काळंनिळं पडतंच, त्याने घाबरू नका.

आता सिरिंजसोबत येणारा माहितीचा कागद. मुंगीएवढी अक्षरं, सगळं इंग्रजी, घरच्यांना खरंच लागतं ते शोधायलाच अर्धा तास. हे घ्या: एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी डबल नाही. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागू शकतो, आधीच सांगा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नका, रक्तस्राव वाढतो (गुडघे दुखले की शेजारच्या काकू गोळी घेऊन हजर असतात, त्यांना दारातच थांबवा). काळी शी, न थांबणारा घोळणा, पडून डोक्याला मार, एक पाय अचानक सुजणं, धाप, यातलं काहीही झालं तर सरळ हॉस्पिटल. आणि हे डुकराच्या आतड्यापासून मिळणाऱ्या हेपॅरिनपासून बनतं, ज्यांना चालत नाही त्यांनी सुरू करायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, आपणहून कोणी सांगत नाही.

साठवण २५ अंशाखाली, गोठवायचं नाही. आम्ही एसीच्या खोलीतल्या कपाटात ठेवली.

काही ब्रँडमध्ये सुई काढल्यावर दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की सुईवर आपोआप कव्हर येतं, काहींमध्ये येत नाही, मेडिकलवाल्याला विचारून कव्हर येणारंच घ्या, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. वापरलेल्या सुया आम्ही जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून हॉस्पिटलमध्ये दिल्या, कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, घंटागाडीवाल्यांना टोचतात. किमतीत ब्रँडप्रमाणे बराच फरक आहे, आणि महिन्याचा स्टॉक एकदम उचलू नका, मध्ये प्लेटलेट बघून डॉक्टर औषध बदलूही शकतात.