चित्रकलेच्या तासाला स्क्रॅच: एका कलाशिक्षकाचा अभिप्राय

अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये घडलेले आणि २००७ पासून सर्वांना खुले असलेले स्क्रॅच हे सूचनांचे ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्राम तयार करण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालते. मुलांचे खेळ आणि गोष्टी तयार करण्यासाठी ते प्रसिद्ध असले, तरी मी ते सातवीच्या वर्गात संकल्पचित्र शिकवताना वापरले, आणि हा अभिप्राय तेवढ्यापुरताच आहे.

नक्षीचा मूळ घटक ओळखायचा, तो एकदाच नीट रचायचा आणि किती अंशांनी फिरवून किती वेळा मांडायचा ते ठरवायचे, ही संकल्पचित्राची रीत येथे जशीच्या तशी उतरते. पाकळीचा एक स्वतंत्र ब्लॉक करून तो ४५ अंशांनी आठ वेळा फिरवला की फूल पूर्ण होते. एरवी वहीत तिसऱ्या पाकळीलाच कंटाळणारी मुले येथे कोन बदलून पुन्हा पुन्हा पाहत बसतात.

एका मुलीने सुसम पंचकोनासाठी बाह्यकोनाऐवजी आंतरकोन, म्हणजे प्रत्येक वळणाला ७२ ऐवजी १०८ अंश, घातला. पाच रेषांनंतर "सर, टोकं जुळतच नाहीत" अशी तक्रार आली. मी उत्तर देण्याआधीच तिने पाचाचे दहा केले आणि पडद्यावर दहा टोकांची देखणी चांदणी पूर्ण झाली. असे का झाले, याचा हिशेब (दहा वेळा १०८ म्हणजे बरोबर तीन फेरे) मुलांनी फळ्यावर स्वतः मांडला. कंपास आणि कोनमापक घेऊन तीच चांदणी कागदावर काढायला मात्र पूर्ण तास गेला.

रंगांच्या बाबतीत हे साधन कच्चे आहे. पडद्यावर रेषा ओढणाऱ्या पेनचा रंग ० ते १०० मधल्या आकड्याने ठरतो, त्यामुळे निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हा पाण्यातल्या रंगांचा अनुभव येथे मिळत नाही. ४८० बाय ३६० पिक्सेलचा मंच (चित्र उमटते ती चौकट) बारीक नक्षीला अपुरा पडतो, आणि पेनचे ब्लॉक प्रत्येक नव्या प्रकल्पात वेगळे जोडून घ्यावे लागतात, हे पहिल्या तासाला हमखास विसरले जाते (माझ्याकडूनही). रेषेचा दाब, चिमटीतून सुटणारी रांगोळी यांची अपेक्षा तर ठेवूच नये.

संकल्पचित्र आणि भौमितिक नक्षीसाठी मी स्क्रॅच निःशंकपणे सुचवेन; निसर्गचित्र किंवा स्मरणचित्राच्या तासाला संगणक बंदच ठेवावा.