पहिली प्रेस: सिंगल स्टेज की प्रोग्रेसिव्ह?

टेक्सासला आल्यावर मला रिव्हॉल्व्हरची आवड लागली आणि पाठोपाठ काडतुसं घरी भरायचीही. आता रेंजवर भेटणारे आपले मराठी लोक विचारतात, पहिली प्रेस (काडतुसं भरायचं हाताने चालवायचं यंत्र) कुठली घेऊ? (भारतात काडतुसं भरायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, म्हणून हे इकडे राहणाऱ्यांसाठी. इथेही स्वतःपुरतीच भरायची. विकायची तर लायसन्स काढावं लागतं.)

सिंगल स्टेजवर एका वेळी एकच काम होतं, प्रोग्रेसिव्हवर हँडलच्या प्रत्येक ओढीला वेगवेगळ्या काडतुसांवर सगळी कामं एकदम. मी दोन्ही वापरल्या आहेत. आरसीबीएस कंपनीची रॉक चकर ही सिंगल स्टेज माझी स्वतःची, आणि एका मित्राची प्रोग्रेसिव्ह तीन महिने माझ्या गॅरेजमध्ये होती.

वेगाच्या बाबतीत तुलनाच नाही. सिंगल स्टेजवर माझ्या हातून तासाला पन्नास-साठ काडतुसं होतात. ब्रास (काडतुसाची पितळी नळी) साइझ करणं म्हणजे मूळ मापात आणणं, तोंड फाकवणं, प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली), पावडर, गोळी, क्रिम्प म्हणजे तोंड आवळणं; एकेक ब्रास पाच-सहा वेळा हातात येते. प्रोग्रेसिव्हवर एकदा लय लागली की प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस खाली पडतं. तो आवाज ऐकायला फार छान वाटतो, हे कबूल करतो. किंमत अर्थात कितीतरी जास्त, आणि कॅलिबर (काडतुसाचं माप) बदलायचं म्हटलं की अर्धी संध्याकाळ जाते.

पण माझा निर्णय झाला तो ना पैशावर, ना वेगावर. ब्रासच्या आत डोकावता येत नाही, या एका गोष्टीवर झाला.

मी भरतो .38 स्पेशल. हे काडतूस 19व्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूच्या हिशोबाने बेतलेलं, म्हणून ब्रास लांब. आजची धूरविरहित पावडर त्यात तळाशीच राहते. चुकून दोनदा पडली तरी ओसंडत नाही, गोळी वरून नीट बसते आणि बाहेरून काहीही कळत नाही. आणि दुप्पट पावडरने रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकते. तयार काडतूस वजन करून पकडावं, तर वेगवेगळ्या कंपन्यांची ब्रास असली की तिच्याच वजनातला फरक पावडरच्या मात्रेएवढा निघतो.

त्या प्रोग्रेसिव्हची चकती (ब्रास एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर नेणारी) हाताने फिरवावी लागायची. एका रविवारी प्रायमर वाकडा अडकला. हँडल दोनदा खाली-वर केलं, ती ब्रास काढली, नवी लावली आणि काम पुढे सुरू केलं. आठ-दहा काडतुसं झाल्यावर एकदम मनात आलं, त्या खटपटीत शेजारच्या ब्रासमध्ये पावडर दोनदा तर नाही ना पडली? तोवर ती डब्यातल्या साठांत मिसळली होती. मग हातोडीसारखा तो पुलर (काडतुसातून गोळी बाहेर काढायचं साधन) घेऊन गॅरेजच्या फरशीवर साठही काडतुसं एकेक करून उघडली. सगळ्यांत मात्रा बरोबर होती. तरी दुसऱ्या आठवड्यात मी ती प्रेस मित्राला परत केली. खाली वाकून, मान तिरपी करून, टूलहेडच्या (प्रेसच्या वरच्या भागाच्या) सावलीत पावडर शोधणं मला जमेना.

आता माझ्याकडे पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा आहे. पावडर भरून झाली की टेबल लँप खाली ओढतो आणि तिरक्या उजेडात ओळीने बघत जातो. पन्नास ब्रासमध्ये पन्नास करडे तळ, सगळे एका पातळीवर. एखादा वर असला तर लगेच डोळ्यात भरतो. हे बघून झाल्याशिवाय एकही गोळी बसवत नाही.

दर शनिवार-रविवार यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेचे सामने खेळणाऱ्यांचं गणित वेगळं असेल. महिन्याला हजारभर 9 एमएम लागत असतील तर सिंगल स्टेजवर जीव जाईल. त्यांच्यासाठी आपोआप फिरणारी प्रोग्रेसिव्ह, वर पावडरची पातळी तपासणारी डाय (डाय म्हणजे प्रेसमध्ये वर बसवायचं एकेका कामाचं साधन), आणि शेजारी कुणीतरी जाणकार, असं असेल तर मी नको म्हणणार नाही. मधला मार्ग हवा असेल तर ली कंपनीची क्लासिक टरेट प्रेस बघा. डाय फिरतात, ब्रास मात्र जागेवरच राहते, त्यामुळे एका वेळी एकाच काडतुसाकडे लक्ष. अजून एक प्रेस घ्यायची झाली तर मी बहुधा हीच घेईन.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी डाय कार्बाइडच्याच घ्या, प्रत्येक ब्रासला वंगण लावत बसावं लागत नाही. काट्यावर कंजुषी करू नका. माझा डिजिटल काटा एसीच्या झोतात आकडे बदलत राहायचा, म्हणून मी दांडीचा साधा तराजू घेतला आणि तोच अजून चालू आहे. आणि प्रेसच्याही आधी भरणाऱ्याचं मार्गदर्शक पुस्तक मागवा. त्यात दिलेल्या किमान मात्रेपासूनच सुरुवात करायची. पार्सल यायला वेळ लागला तर तेवढ्यात टेबल भिंतीला पक्कं ठोकून घ्या, कारण साइझ करताना ओढ चांगलीच बसते.