जुनी कंबरदुखी: रात्रीची कॅज्युअल्टी की सकाळची ओपीडी?

कंबर-गुडघ्याचं जुनं दुखणं आपल्याकडे रात्रीच दवाखान्यात का पोहोचतं, याचं कारण मजुरीत आहे. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणाऱ्याला सकाळची ओपीडी म्हणजे एक खाडा, सोबत येणाऱ्याचा दुसरा. म्हणून दिवस ढकलतात आणि रात्री "कंबर दुखी ऱ्हायनी" म्हणत गाडी काढतात. हा हिशेब मला समजतो. तरी तो अर्धाच आहे.

कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, डॉक्टर आधी एवढंच बघतात, की आज रात्री जिवाला किंवा हातापायाला धोका आहे का. नसेल तर सुई देऊन सकाळी दाखवायला सांगतात. खासगीत त्यावर रात्रीची फी, सलाईन आणि एक्स-रेचं बिल येतं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, त्यानं कंबरदुखी थांबत नाही. आराम पडतो तो सुईनं, तोही काही तास. दर वेळी दवाखाना वेगळा, म्हणून तपासण्याही पुन्हा नव्यानं. आणि हा पैसा बहुतेक खिशातूनच जातो, कारण महात्मा फुले योजना काय किंवा आरोग्य विमा काय, मुख्यतः भरती झालेल्यांसाठी आहे.

ओपीडीत खाडा पडतो, रांग लागते आणि फिजिओथेरपीचा गुण यायला आठवडे जातात. पण ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय मेडिकल कॉलेज आहे. त्याहून मोठा फायदा म्हणजे तुमची फाइल एका जागी राहते. डायक्लोफेनॅकसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या-सुया वारंवार घेतल्या तर जठराला जखम होऊ शकते, किडनीवर ताण येतो. बीपी-शुगरवाल्यांना धोका जास्त. रात्रीच्या अनोळखी डॉक्टरला आधीच्या सुया कशा कळणार?

तीन महिन्यांहून जुनं, ओळखीचं दुखणं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: एक खाडा पाडा, ओपीडी गाठा.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद अचानक कमी झाली, खाली पडून मार लागल्यावर दुखणं वाढलं, ताप आला किंवा कॅन्सर होऊन गेला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. छातीतून हात-जबड्याकडे कळ गेली तरी तेच. १०८ची गाडी मोफत येते.

सातपुड्यातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांना वरचं मत अजिबात लावू नका. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या घरांत हे दुखणं लहान पोरांनाही असतं. वाकड्या झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून हाडं फुटल्यासारखी कळ येते. घरच्या गोळ्यांनी ती थांबली नाही, ताप आला किंवा दम लागला, तर रात्रीच कॅज्युअल्टी गाठायची. उशीर जिवावर बेततो. "नेहमीचंच आहे" म्हणून कुणी परत पाठवू लागलं, तर सिकलसेलचं कार्ड पुढे करा आणि दुखण्याची सुई मागा. मागायला लाजू नका. सिकलसेलवाल्यांनाही ओपीडी हवीच, पण वेगळ्या कामासाठी: हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित घेतलं की अशा कळा कमी वेळा येतात, आणि ते चालू असताना रक्त तपासत राहावं लागतं.