गोठ्यावरचं सोलार: दीड वर्षाचा अनुभव (अंजर्ले, ता. दापोली)

घर कौलारू, कौलांवर माकडांचा धिंगाणा, म्हणून तीन किलोवॅटची पॅनेलं गोठ्याच्या पत्र्यावर बसवली. एक लाख नव्वद हजार गेले. पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० नंतर खात्यात जमा झाले.

बसवायला आलेल्या माणसाने आधी पश्चिमेच्या दोन माडांकडे बोट दाखवलं. "काकू, हे पाडलेत तर वीज वाढेल." सासूबाई पडवीतूनच म्हणाल्या, "तुझं पॅनेल वर्षाला नारळ किती देतं रे?" विषय संपला. एका पॅनेलवर झावळीची सावली आली तरी अख्ख्या ओळीची वीज घटते, त्यामुळे आमचं सोलार साडेतीनलाच मावळतं. तरी एप्रिलात रोज दहा-अकरा युनिटं येतात. आषाढात कधी तीनसुद्धा नाहीत. उन्हाळ्यात उरलेली युनिटं नेट मीटरवर (येणारी आणि जाणारी, दोन्ही वीज मोजणारा मीटर) जमा राहतात, ती पावसाळ्यात वळती होतात.

राग आहे तो विकणाऱ्यावर. पहिल्याच पावसाळ्यात फांदी पडून तारा तुटल्या. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, आणि घरात पंखा बंद! फोन केला तर म्हणे, "ऑनग्रिड आहे ना, लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो." ऑनग्रिड म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं; आणि हा इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा. कारण पटतं, तार जोडायला चढलेल्या वायरमनला आमच्या विजेचा शॉक बसायला नको. पण २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर कंदिलावर दिवस काढलेल्या माणसांना हे आधी सांगायला नको? बॅटरीवालं घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवलं असतं.

दुसरं, नटबोल्ट. समुद्र हाकेच्या अंतरावर, सहा महिन्यांत सगळे गंजून लाल. शेवटी ह्यांनी दापोलीहून स्टेनलेस स्टीलचे आणून बदलले. खारा वारा काचेवरही बसतो, बोट फिरवलं तर चिकट लागतं. ती मी सकाळी गार असतानाच साध्या पाण्याने धुते.

भात-आमटी आता दुपारी इंडक्शनवर होते. महिन्याचा सिलिंडर दोन महिने पुरतो. भाकरी मात्र गॅसवरच, इंडक्शनवर ती फुगत नाही.

घ्यायचं तर घ्या, पण बॅटरीचं आणि नटबोल्टांचं आधी कागदावर लिहून घ्या.

मुलगा म्हणतो, आता न्हाणीत गीझर लाव. मागे पाणी तापवायला ठेवलेल्या नारळाच्या सोडणांचा ढीग माझ्या कमरेपर्यंत आलाय, तो संपला की बघू.