दगडावर थापायचं जेल फूड: तीन महिने वापरून

पाकिटावर 'सर्व माशांसाठी' असं ठसठशीत छापलंय. ते काही खरं नाही. तरी मी दुसरं पाकीट मागवलंय, कारण माझा सकर मासा.

एक भाग पावडर, तीन भाग उकळतं पाणी, भराभर घोटायचं आणि सपाट दगडावर थापायचं. गार झालं की खोडरबरासारखं घट्ट होतं. पहिल्या खेपेला माझ्याकडून पाणी जास्त पडलं आणि तासाभरात टाकी गढूळ. चूक माझीच, पण मापाची ओळ इतकी बारीक छापलीय की चष्मा लावूनही दिसत नाही.

मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेम्सनी, शूटिंग केलं. सकर ओठांची वाटी दगडाला चिकटवतो आणि आतल्या बारीक दातांनी खरवडत सुटतो. त्याच्या जबड्याचे डावे-उजवे भाग सुटे हलतात, म्हणून खडबडीत दगडावरही दात नीट टेकतात. मागे ओरखडे असे, की कुणी फणी फिरवली असावी.

टाकीतली दुसरी मासोळी, मॉली, बघताना खरी गंमत. तिचा खालचा जबडा मधेच वाकतो, तिथे जादा सांधा आहे. त्यामुळे तोंड सताड उघडून दगडाला टेकतं आणि मिटताना चिमटा काढतं. आधी मी गोळ्या टाकायचे, तेव्हा ती नुसती ढुशा द्यायची आणि गोळी घरंगळत जायची. खाणं जागचं हलत नाही, हीच या जेलची खरी करामत.

एंजल माशाचं मात्र जमलं नाही. तोंड पुढे काढायचं, गालफडं फुगवायची, की पाण्याबरोबर घास आत; माझ्या व्हिडिओत हे मोजक्या फ्रेम्समध्ये संपतं. पण दगडाला चिकटलेलं असं ओढलं कसं जाणार? दोनदा प्रयत्न करून तो बाजूला झाला आणि सकरच्या खरवडीतून सुटलेले कण टिपत बसला.

आणि म्हणे सर्व माशांसाठी! आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून जगणारे मासे आहेत. कुणाचं तोंड डावीकडे वळलेलं, कुणाचं उजवीकडे. उजवीकडे वळलेला मागून येऊन भक्ष्याची डावी कूसच गाठतो. त्यांना द्या बरं हे जेल.

सकर-मॉली पाळणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावं, पाचपैकी साडेचार. एंजलसाठी फ्लेक्सचा जुना डबा अजून टाकीवरच आहे.